हात काढा, मी चालू आहे

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझा आवाज अजून खणखणीत आहे आणि माझी खोडही गेलेली नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, डोक्यावर जाळी बसवली आणि मी कोल्हापुरातल्या एका छोट्या बातम्यांच्या चॅनेलकडे आलो. तिथली वार्ताहर सबिना माझी खरी मालकीण. तिच्याबरोबर मी शिरोळच्या पुरात होडीतून फिरलो, मलकापूरच्या बाजारात धक्के खाल्ले. पुढाऱ्यांची थुंकी तर इतकी झेलली की विचारू नका! "आवाज लै क्लिअर येतोय की," असं लोक म्हणायचे तेव्हा मी फुशारून जायचो.

पुढे कॉलरला लावायचे चिमुकले माईक आले आणि मी पिशवीच्या तळाशी गेलो. फार राग आला मला. पण जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि सबिनानं मला बाहेर काढलं. ती म्हणाली, "कॉलरचा माईक पुढारी काढून टाकतात. हा तोंडापुढं धरता येतो."

आम्ही कबनूरला गेलो. तिथला उमेदवार विश्वजित, पूर्वी यंत्रमागावर कामाला होता. तो एकेकाळी नशेच्या गोळ्या खायचा, अशी कुजबुज गावभर होती. खरं सांगितलं तर निवडणूक हातची जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं. सबिनानं भरल्या प्रचार कार्यालयात तेच विचारलं.

त्याचा प्रचारप्रमुख धैर्यशील यानं झडप घालून माझं तोंडच पंजानं दाबलं. "मॅडम, ह्यो प्रश्न पुसून टाका!"

"पुसायलाच आलोय की आम्ही," सबिना म्हणाली.

आमच्याकडची जुनी माणसं विचारण्याला पुसणंच म्हणतात. मागे बसलेल्या गावातल्या म्हाताऱ्या तानाबाई खदखदून हसल्या. "बराबर हाय पोरी, पुस!"

मी आत घुसमटत होतो. दुसऱ्याचं तोंड दाबायचं आणि वर प्रश्नच पुसून टाका म्हणायचं, ही कुठली रीत?

"हात काढ, धैर्या," विश्वजित म्हणाला आणि माझ्याजवळ आला. "व्हय, खात हुतो. रातपाळीला झोप येऊ ने म्हणून सुरू केल्या, मग सुटंनात. आईनं धरून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. आता न्हाय खात. मत द्यायचं का न्हाय, ते तुम्ही ठरवा. मी लपणार न्हाय. पर त्योच प्रश्न समोरच्याला बी पुसा."

त्याचा आवाज थरथरत होता. तो मी जसाच्या तसा उचलला.

समोरचे उमेदवार होते कृष्णातराव. त्यांच्या गाडीवर 'व्यसनमुक्त कबनूर' असा भला मोठा फलक. सबिनानं विचारलं, "साहेब, तुम्ही कधी नशा केली होती का?" हो किंवा नाही, एवढंच तर सांगायचं होतं. पण साहेबांनी "बाईट न्हाय!" म्हणजे माईकवर काही बोलणार नाही, असं म्हणत मला असा धक्का दिला की मी काँक्रीटवर आपटलो. माझी जाळी चेपली, पण आवाज गेला नाही. सबिनानं मला पुसलं आणि पुन्हा उचललं.

निकालात विश्वजित पडला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. धैर्यशील तर त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "खरं बोलून पडलास बघ." विश्वजित म्हणाला, "पडलो. पर आता मला कुणाचं भ्या न्हाय."

तिकडे गुलालात न्हालेल्या कृष्णातरावांना आता माईक हवा होता. त्यांनीच हात करून बोलावलं, "या मॅडम, घ्या बाईट!" सबिनानं अभिनंदन केलं, मला त्यांच्यापुढे धरलं आणि तोच प्रश्न विचारला. मिरवणुकीतली हलगी थांबली. साहेब माझ्या चेपलेल्या जाळीकडे बघत राहिले. या वेळी धक्का मारायची सोय नव्हती, सगळं गाव बघत होतं.

तेवढ्यात त्यांचाच एक कार्यकर्ता, कपाळाचा गुलाल पुसत, म्हणाला, "बोला की साहेब. विश्वजित बोललाच की."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या माईकची निगा राखा. धूळ झटका, वायर पिळू नका. आणि समोर कितीही मोठा माणूस असू दे, उत्तर येईपर्यंत मला खाली घेऊ नका.