वरचे सात दिवस

कोळशाची रेघ पुसट झाली होती. अंडी बसवताना आत्याने प्रत्येकावर ओढलेली ती आडवी रेघ, तेवीस दिवस कोंबडीच्या पोटाखाली घासून आता नुसती करडी सावली राहिलेली — आणि मेघनाने तिच्यावरून अंगठा फिरवला तेव्हा तीही थोडी अंगठ्याला लागून आली. अंडं थोराड होतं, हिरवट झाक असलेलं, परक्या घरी अवघडून बसलेल्या पाहुण्यासारखं. बदकाचं. पाटीत अशी चार होती. बाकी पाचटात फुटकी टरफलं, दोन-चार तांबडी पिसं, आणि मधोमध कोंबडीच्या अंगाने पडलेला खळगा... रिकामा.

तांबडी कोंबडी उजाडताच उठून गेली होती. परवा, बरोबर एकविसाव्या दिवशी, तिच्याखालची पाचही कोंबडीची अंडी फुटली. काल दिवसभर पिल्लं पंखाखाली घेऊन ती बसून राहिली, आणि आज पाटीतून उतरली ती पुन्हा वळून न बघता. अंगणात आता तिची ऐट चालली होती, पायाने माती उकरून पिल्लांना हाका मारणं चाललं होतं. या चौघांकडे तिने का म्हणून पाहावं? तिचे दिवस भरले होते. मेघनाने अंडं गालाला लावलं. कोमट होतं. अजून होतं.

बदकं ही सोमनाथच्या डोक्यातली. तिचा नवरा वायरमन. लायनीच्या कामाला बावड्याला गेला की नदीकाठच्या गेणबाकडे पाणी प्यायला थांबायचा आणि त्याची बदकं बघून असा परतायचा, की जणू जत्रा बघून आला. आपल्या कोंबड्यांत चार बदकं सोडायची, हे एकच टुमणं. एक दिवस जेवणाच्या डब्यात, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून चार अंडी घेऊनच आला. आत्या म्हणजे त्याची आई, भागुबाई, म्हणाली, "कोंबड्या हायत की घरात. बदकं नुसता रेंदा करत्यात." पण लेकाचं तोंड बघून उबवायला खुडूक बसलेली तांबडी तिनेच धरून आणली, पाच कोंबडीची आणि चार ही अशी नऊ अंडी मोजली, कारण अंडी विषमच बसवायची असतात, आणि चुलीतला कोळसा घेऊन रेघा ओढल्या. सोमनाथने त्याच संध्याकाळी हापशाच्या सांडपाण्याजवळ कुदळ घेऊन खड्डा खणायला घेतला. बदकांना डुंबायला. वाकून, शीळ घालत तो खणत होता, आणि मेघना दारातून त्याच्या पाठीकडे, मग त्या कुदळीकडे पाहत राहिली होती... याला आठवत कसं नाही? की आठवतं, म्हणूनच शीळ?

खड्डा आता भरला होता. वर हिरवट साय धरली होती. जाता-येता तिला तो दिसायचा आणि दर वेळी ती नजर काढून घ्यायची.

अठराव्या दिवशी तांबडी दाणे टिपायला उतरलेली असताना तिने एक अंडं पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धरलं होतं. आत गच्च काळोख, फक्त बोथट टोकाशी उजेडाची एक फट, आणि त्या काळोखाच्या कडेला काहीतरी सरकलं — सरकलंच, मी डोळ्यांनी पाहिलं. पाळी चुकून तेव्हा सात दिवस झाले होते. तिथेच, अंडं हातात असताना, ती नवस बोलून बसली. या घरात देव नव्हते. आजेसासऱ्यांनी छप्पन सालच्या दीक्षेनंतर देव्हाऱ्यातले सगळे टाक उचलून नीरेत सोडले होते. मेघनाच्या माहेरीही तेच, आणि ते चांगलंच झालं यात तिला कधी शंका वाटली नव्हती. पण त्यामुळे नवस बोलायचा तर कुणाला, ही पंचाईत. म्हणून ती तो बदकाच्या अंड्याला बोलली, बारावी सायन्स झालेली बाई! पिल्लं निघाली की सोमनाथला सांगीन. आणि नाही निघाली तर... तर सांगण्यासारखं काही राहणारच नाही, मागच्यासारखं.

आज बारा दिवस झाले होते. छातीत जडपणा, सकाळी मिसरीच्या वासाने ढवळून येणं, सगळं मागच्यासारखंच. आनंद मात्र कुठे नव्हता. भीती होती, ती रोज थोडी थोडी मोठी होत होती, आणि पोटात वाढतंय ते हेच की काय, असं तिला कधी कधी वाटायचं.

"मेघे, काय करतीस तितं?" आत्या आत आली. पाटीत डोकावली. "एकवीस झालं, बावीस झालं, आज तेवीस. न्हाय निघायची ती आता. नासली."

नासली नाहीत. आत हलताना पाहिलंय मी. 

"आत्या..."

"काय?"

"काय न्हाय."

का नाही बोलले मी? कारण मग विचारणं आलं — तू कशाला बघत होतीस, केव्हा बघितलंस, एवढं काय त्या अंड्यांत — आणि एक धागा ओढला की दुसराही निघणार. शिवाय आत्याने आजवर शंभरदा कोंबड्या बसवल्या असतील. तिचा एकविसावा दिवस कधी चुकला नव्हता. मेघनाने हातातलं अंडं पाटीत ठेवलं आणि आत्याने पाटी उचलली.

उकिरड्यावर तिने अंडी फेकली नाहीत. पाटी तिरकी केली, एवढंच. तीन शेणकाल्यात मऊ जागी घरंगळली. चौथं दगडावर आपटलं. आत्या वाकली आणि तशीच वाकलेली राहिली, म्हणून मेघना पुढे झाली. टरफलात काळपट-पिवळी ओली पिसं होती, एक चपटी चोच होती, आणि बोटांमध्ये पडदा असलेला एक पाय. त्या पायाने एकदा हवा मागे ढकलली, पाण्यात ढकलावं तशी. मग तो थांबला.

"दिवस भरलं न्हवतं ह्याचं," आत्या म्हणाली. मेघनाला नव्हे, कुणालाच नव्हे. मग ती हापशावर हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

दिवस भरले नव्हते... दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्याने भेटायला आलेल्या शेजारच्या चंद्राबाईला हेच सांगितलं होतं, याच आवाजात. पहाटे झालेली मुलगी दुपारी गेली. सातवा महिना होता. जीपमध्ये आत्या सगळ्या वाटेने तिचा हात धरून म्हणत होती, "सातव्यातली जगत्यात, मेघे, सातव्यातली जगत्यात," आणि मेघना खिडकीबाहेर अंधारात सरकणारे उसाचे फड मोजत होती. कंबर आदल्या सकाळपासूनच दुखत होती. शेंगा तोडायला बसले म्हणून असेल, असं म्हणत तिने सकाळ काढली, दुपार काढली, आणि सांगितलं ते दिवेलागणीला. सकाळी सांगितलं असतं तर? हे तिला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही, आत्याने नाही, सोमनाथने तर नाहीच. तो कुदळ घेऊन ओढ्याकाठी गेला आणि आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. कुणीच विचारलं नाही, म्हणून ती आजवर स्वतःलाच विचारत आली होती, दळताना, निवडताना, अंग धुताना.

दुपारी सोमनाथची लुना अंगणात शिरली. पिल्लं पांगली, तांबडी त्याच्या अंगावर धावून गेली आणि तो हसला. जेवायला बसला. मेघनाने भाकरी वाढली, आमटी वाढली आणि मग सांगितलं, की बदकाची अंडी आत्याने टाकली, नासली म्हणून.

त्याचा घास हातातच राहिला. "टाकली? अगं, कशानं नासतील? गेणबा म्हणला व्हता की, बदकाला अठ्ठावीस दिस लागत्यात. कोंबडीपरास आठवडा वर. म्हणून म्हणला, कोंबडीची अंडी मिसळू नगा, न्हायतर ती आपली पिल्लं घिऊन उठंल आन् ही ऱ्हात्याल तशीच."

"मग सांगितलं का न्हाय?"

"सांगायचं राह्यलं," सोमनाथ म्हणाला. घास तोंडात घातला. चावता चावता म्हणाला, "च्च! वाईट झालं. आनू दुसरी." आणि वाटी पुढे केली.

सांगायचं राह्यलं! मीठ आणायचं राहावं तसं. आमटी वाढताना मेघनाच्या लक्षात आलं की हा राग आहे, चांगला रसरशीत राग, आणि तो सोमनाथवर आहे, स्वतःवर नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिला जवळजवळ बरं वाटलं. दुसऱ्या कुणाची तरी चूक होती. उघड, धडधडीत, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलेली. तो लुना काढून गेला तरी तिने तो राग विझू दिला नाही. भांडी घासताना ती त्याला मनात बोलत राहिली. चौघं होती, चौघं! वरचे सात दिवस फक्त. सात दिवस कुणी दम धरला नाही, कारण तू...

मग ती उकिरड्यावर गेली. एका अंड्याला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून मुंग्यांची रांग आत जात होती. दोन धड होती. शेणकाला उन्हाने आणि आतल्या धगीने गरम होता, हात घातला तर उबेत घातल्यासारखा. तिच्या मनात वेडी आशा आली, तांबडीच्या पोटाखालीही याहून जास्त काय असतं? तिने ती दोन पदरात घेतली. तांबडीच्या पुढ्यात नेऊन ठेवली तर तिने टोच मारली, हातावर, रक्त येईल अशी. तिच्या अंगातला तो ताप उतरला होता. ती आता आई होती, उबवणारी नव्हती. दुसरी होती काळी. गेल्याच आठवड्यात खुडूक झालेली, जागेवरून हलेना. पण एवढ्यात आणखी पिल्लं नकोत म्हणून आत्याने तिला तीन दिवस पाण्यात बुचकळलं आणि नाकपुड्यांतून पीस आडवं ओवलं. काळी ते पीस मिशीसारखं मिरवत गव्हाणीखाली दाणे टिपत होती. पार बरी झाली होती.

गेल्या आठवड्यात कळलं असतं तर! रागाला आणखी एक काटकी मिळाली.

ट्रंकेच्या तळाशी गोधडी होती. हातभर रुंद, दीड हात लांब, आत्याच्या जुन्या लुगड्याची. सातव्या महिन्याच्या आधीच शिवून झाली होती. एकदाही न वापरलेली. मेघनाने ती काढली तेव्हा आपण काय काढतोय हे तिला ठाऊक होतं आणि तरी हात थांबला नाही. दोन अंडी तिच्यात गुंडाळून चुलीच्या कुशीला ठेवली. कानाला लावून पाहिली नाहीत. काही ऐकू येणार नाही हे ती जाणून होती — आणि ऐकू आलं नाही, असं एकदा झालं की मग ते झालंच.

दिवेलागणीच्या आधी आत्या चुलीपुढे येऊन बसली. तिने गोधडी पाहिली. स्वतःच्या हाताचे टाके ओळखायला तिला काय वेळ लागणार? तिने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "लई जवळ नगं ठिवू. शिजत्याल."

"बरं."

"किती दिस झालं?"

"तेवीस," मेघना म्हणाली.

"अंड्यांचं न्हाय इचारत मी."

बाहेर सोमनाथ कामावरून येऊन हापसा मारत होता. दांड्याची कुरकुर ऐकू येत होती.

"धा-बारा दिस झालं, दोरीवर तुझी फडकी न्हाईत," आत्या म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता. "डोळं हायत मला." मेघनाला वाटलं, म्हणजे हीसुद्धा मोजत होती. रोज सकाळी दोरीकडे बघून एक एक दिवस. आपण लपवतोय असं समजून मी एकटीच लपले होते.

"सोमनाथला सांगितलंस?"

"सांगायचं राह्यलं."

शब्द बाहेर पडले आणि मग तिने ते ऐकले. त्याच सुरात, तोंडात घास असल्यासारखे, इतके सहज. तिने घाईने आत चाचपून पाहिलं — दुपारपासून फुंकर घालून जपलेला तो राग. जागेवर नव्हता. कुठेच नव्हता. त्याच्या जागी पुन्हा तीच जुनी ओळखीची पोकळी, पण आता तिच्यात सोमनाथही होता, शीळ घालत खड्डा खणणारा, बोलायचं नेमकं तेच विसरणारा, आणि ती त्याला काही विचारू शकत नव्हती, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. तीनचारशे दिवस रागावता यावं एवढं मोठं कारण तिला मिळालं होतं आणि ते एक संध्याकाळसुद्धा पुरलं नाही. पुढचे सात महिने दिसत होते. त्यांतला एकेक दिवस आत्या दोरीवर मोजणार, मी पोटावर मोजणार, आणि कुणी कुणाला काही सांगणार नाही.

आत्याने नुसतं "हं" केलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. दिवा लावायला गेली.

बाहेर दांडा खालीवर होतच होता. पाणी बादलीत पडून वाहत खड्ड्याकडे चाललं होतं. बदकं नाहीत हे माहीत असूनही त्याने पाट बुजवला नव्हता. मेघनाने गोधडी उलगडली. अंडी कोंबडी अधूनमधून पायाने फिरवते, तशी फिरवावी लागतात, हे तिला माहीत होतं. एकदा रेघ वर, एकदा रेघ खाली. तिने एक उचललं, दुसरं उचललं. रेघ पार पुसून गेली होती. कोणती बाजू फिरवून झाली आणि कोणती राहिली ते कळेना, तरी चुलीच्या उजेडात ती दोन्ही फिरवत राहिली.