गादीवर उशी

मित्रांनो, मी एक जुनी निळी गादी आहे, पण झोपायची नव्हे! हे आधीच सांगून टाकते, कारण येणारा प्रत्येक नवा पालक माझ्यावर ऐसपैस मांडी घालतो. मी व्यायामशाळेतली, लहान मुलांच्या जिम्नॅस्टिक्सची गादी आहे. गादीवर बसायची हौस सगळ्यांनाच असते. पडायची तयारी मात्र फक्त मुलांची.

कारखान्यात माझ्या पोटात फोम दाबून भरला, वर रेक्झिन शिवलं, तेव्हा मी कशी ताठ होते! पालक कौतुकानं हात फिरवून बघायचे. आता नाक मुरडून विचारतात, "ही बदलत का नाहीत?" मुलांना शिकवणाऱ्या ताई तेवढ्या मला रोज पुसतात.

ताईंचा पहिला धडा पडण्याचा. "पडा!" असं त्या म्हणाल्या की मुलं हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, खिदळत धपाधप पडतात. आणि बाकावरचे आईबाप एका सुरात ओरडतात, "पडू नकोस!" आता मुलांनी ऐकायचं तरी कुणाचं? माझं तर डोकंच फिरतं. गादीला डोकं नसतं, तरी फिरतं.

अशात बाहुली आली. पाच वर्षांची पोर. घरात तिला कुणी खाली ठेवतच नसे, म्हणून हे नाव. जिना उतरायचा तो कडेवर, बूट घालायचे ते आजोबांनी. शाळेत साधी ठेच लागली तरी हात पुढे यायचे नाहीत, थेट तोंडावर आपटायची. म्हणून आईनं तिला इथे घातलं. सोबत आजोबा आले, आणि आजोबांसोबत उशी! मित्रांनो, माझ्यावर उशी ठेवली हो त्यांनी! जन्मभर पोरं झेलली आणि नशिबी हे आलं.

"मला एकच नात आहे," आजोबा म्हणाले.

"निदान तिचा टी-शर्ट तरी सोडा," ताई म्हणाल्या.

"तोल सांभाळता आला की सोडतो."

"अहो, सोडल्याशिवाय तोल येणार कसा?"

आजोबांनी टी-शर्ट आणखी घट्ट धरला. पण ते पाणी प्यायला गेले की बाहुली गुपचूप कोलांटी घ्यायची. हळूहळू ती हातांवर भार घेऊ लागली, एका पायावर उभी राहू लागली, आपली पाळी येईपर्यंत थांबूही लागली. वर्गात आता पाठ ताठ ठेवून बसते, पेन्सिल नीट धरते, असं आई ताईंना सांगून गेली. आजोबांना दिसला तो फक्त गुडघ्यावरचा ओरखडा!

"उद्यापासून आम्ही येणार नाही," ते म्हणाले. "हातपाय मोडून घ्यायची हौस नाही आम्हाला. चल गं."

बाहुली हिरमुसली. मान खाली घालून निघाली, आणि तिचा पाय पडला तो नेमका उशीवर. उशी सटकली. पोर मागच्या मागे गेली. आजोबा "अगं, अगं" करत धावले. त्यांचा हात पोचायच्या आत तिची हनुवटी छातीला लागली, पाठ गोल झाली आणि ती माझ्यावर लोळून उठून बसलीसुद्धा.

मला वाटलं, संपलं आता. ही पोर काही परत येत नाही.

"आजोबा, तुम्ही मला धरलं नव्हतं ना?" तिनं विचारलं.

"नाही गं. पोचलोच नाही मी."

"म्हणजे मी एकटीच पडले!" असं ओरडून तिनं टाळ्या पिटल्या.

आजोबांनी उशी उचलून काखोटीला मारली आणि बाकावर जाऊन बसले. बाहुली पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

तेव्हा मोठ्या माणसांनो, हो, आता तुम्हालाच सांगते, माझ्या मित्रांना हे केव्हाच कळलंय. मला पुसा, चपला घालून तुडवू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. आणि पोर पडायला लागलं की जीव वर-खाली होणारच, मला का ते कळत नाही? पण ते माझ्यावर पडतंय. बसा जरा!