हात पोचेल तिथपर्यंत

"हात वर कर बघू, तिया," डेल्फिनो म्हणाला.

"कशाला? शाळेत बसलेय का मी?"

"अगं, कर तर."

लिब्राडानं उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि अडला. तिनं दातओठ खाऊन अजून रेटून पाहिलं, पण हात काही ऐकेना.

"बघितलंत?" डेल्फिनो बाकीच्यांकडे वळला. "ही आपल्यातली सगळ्यात पट्टीची बाई. हिची ही गत, मग इतरांचं काय बोलायचं?"

रविवारची प्रार्थना आटोपून ला मोरिता गावातली वीसेक माणसं चर्चमागच्या खोलीत कॉफी पीत बसली होती. डेल्फिनो लिब्राडाच्या दिराचा मुलगा, तिला तिया म्हणजे काकू म्हणायचा. यंदा चर्चची देखभाल त्याच्याकडे होती आणि सान अँतोनियोचा सण दोन आठवड्यांवर आला होता. सणाआधी चर्च लिंपायचं, हा गावाचा जुना शिरस्ता. न्यू मेक्सिकोतल्या सर्वांत जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत या चर्चचं नाव होतं, दाराशी पितळी पाटी होती. पण भिंती शेवटी कच्च्या विटांच्या. हिवाळा त्यांच्यावरचा बोटभर गिलावा खाऊन टाकी आणि जूनमध्ये गावच्या बायका माती, वाळू, काड कालवून तो हातांनी परत चढवत. चर्च तीनशे वर्षांचं, पण अंगावरची माती दर वर्षी नवी. एके काळी चाळीस बायका यायच्या. गेल्या वर्षी नऊ आल्या. यंदा पाचांनी नावं दिली होती, त्यातल्या दोघींचे गुडघे गेलेले.

"म्हणून म्हणतो, सिमेंट मारून टाकू," डेल्फिनो म्हणाला. "एकदाच काय तो त्रास."

त्याची बायको इवेट दवाखान्यात नर्स होती. कामावरून थेट आली होती, डोळे तारवटलेले. ती उठून उभी राहिली.

"किती वर्षं आम्ही बायकांनीच चिखल तुडवायचा? पुरुष शिडी धरणार, बिअर पिणार आणि वर आम्हालाच सांगणार, इथे राहिलं, तिथे राहिलं. सोडवा बाई आम्हाला एकदाचं!"

बायका हसल्या, पुरुषही ओशाळून हसले. लिब्राडा मात्र हसली नाही. हे बोलणं तिच्या ओळखीचं होतं.

"पण मागे सिमेंटनंच घात केला ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो त्या परदेशी फादरचा शहाणपणा. त्याला मातीतलं काय कळत होतं! आता नव्या तऱ्हेचं सिमेंट आलंय," डेल्फिनो म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात ही गोष्ट अशीच सांगत असत. फादरनं हट्टानं सिमेंट मारलं, चर्च कुजलं आणि लिब्राडानं ते वाचवलं. चर्चच्या दाराशी तिचा फोटोसुद्धा होता, कोपरापर्यंत हात मातीनं माखलेले. पाहुणे त्या फोटोचे फोटो काढत.

खरं असं होतं, की पन्नास वर्षांपूर्वी याच खोलीत सव्वीस वर्षांची लिब्राडा उभी राहिली होती. तिला दोन लहान मुलं होती, तिसरं पोटात होतं, आणि ती कंटाळली होती, जीव विटला होता तिचा. "किती वर्षं आम्ही चिखल तुडवायचा?" असं तीच म्हणाली होती. फादर उलट कचरत होते, पण तिनं गावाला बोलण्यानं जिंकलं. पहिली काही वर्षं चर्च कसं छान, गुळगुळीत दिसायचं! आतल्या आत मात्र पाणी मुरत होतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. नवव्या वर्षी एका सकाळी उत्तरेचा कोपरा खाली बसला. सिमेंटच्या कवचाआड विटांचा नुसता लगदा झाला होता. तिथे उभी राहून लिब्राडा ओक्साबोक्शी रडली. सासू बाजूलाच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "रडून झालं असेल तर माती मळ."

पुढे फादर गेले. दोष त्यांच्या नावावर कधी गेला, कुणी नेला, कुणालाच ठाऊक नाही. जुन्या माणसांना सगळं माहीत होतं, पण ती बोलली नाहीत. आणि लिब्राडाही बोलली नाही. एकेचाळीस उन्हाळे तिनं माती मळली, लोकांचं कौतुक ऐकून घेतलं आणि गप्प बसली.

"मग हात वर करा," डेल्फिनो म्हणाला. "सिमेंटला कोण कोण?"

"थांब." लिब्राडा उठली. खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरली होती. "फादरनं नाही आणलं ते. मी आणलं."

"तिया, काय बोलतेस?"

"इवेट आत्ता जे बोलली ना, अगदी तेच मी बोलले होते. फादर नको म्हणत होते. मीच त्यांना भित्रा म्हटलं, सगळ्यांसमोर."

कोपऱ्यात क्लेओफास बसली होती, ऐंशी उलटलेली, त्या वेळच्यांपैकी उरलेली एकटीच. ती कॉफीत बघत म्हणाली, "खरं आहे ते."

"आणि इतकी वर्षं आम्ही मेलेल्या माणसाला शिव्या देतोय?" इवेटचा आवाज चढला. "तो फोटो, ते कौतुक... कमाल आहे हो तुमची!"

"आहेच. लाज वाटायची, रोज वाटायची. पण त्या फोटोचं सुखही वाटायचं, खोटं कशाला बोलू? माझं जे व्हायचं ते होवो. भिंतीला तेवढं परत कोंडू नका."

"आणि लिंपणार कोण? तुमचा हात तर खांद्याच्या वर जात नाही!"

लिब्राडानं खुर्चीची पाठ सोडली. ती खाली बसली. बराच वेळ वादावादी झाली आणि शेवटी कंटाळून ठरलं, की एवढं एक वर्ष मातीच. पुढचं पुढे. निघताना तिला कुणी हात दिला नाही. दरवेळी डेल्फिनो गाडीतून घरी सोडायचा, आज तो विसरला. ती चालत गेली.

शनिवारी चारच बायका आल्या. पहिला गोळा सगळ्यात जाणत्या हातानं लावायचा, अशी रीत होती. एरवी सगळ्या लिब्राडाला पुढे ढकलायच्या. आज ती आपणहून मागे उभी राहिली. बोलवायलाही कुणी वळलं नाही. पहिला गोळा क्लेओफासनं लावला आणि मग काठी टेकत मागे आली.

"उभी काय राहिलीस? रडून झालं नाही का अजून?"

लिब्राडानं बाह्या सारल्या. उत्तरेचा कोपरा दरवर्षी तिचाच असे. खालून सुरुवात करून तिनं ओंजळ ओंजळ माती दाबली, तळहातानं पसरली, मेंढीच्या कातड्यानं घोटली. दुपारपर्यंत गिलावा छातीपर्यंत चढला. त्याच्या वर हात जाईना. गेल्या वर्षी ती यापेक्षा वीतभर उंच पोचली होती. वर भेगाळलेली, गेल्या सालची माती तशीच होती. ती तिथेच खाली टेकली.

इतक्यात इवेट आली. अंगावर दवाखान्याचेच कपडे होते. तिनं शिडी आणून भिंतीला लावली, बादली उचलली आणि दोन पायऱ्या चढली.

"माझं मत बदललेलं नाही," ती खाली न बघता म्हणाली.

"बरं."

"आणि तुमच्यावरचा रागही गेलेला नाही."

"जाऊ देऊ नकोस."

इवेटनं गोळा भिंतीवर मारला. तो घसरून खाली पडला. दुसराही पडला. ती भिंतीवरच चिडली.

"कोरड्यावर नाही धरत गं," लिब्राडा खालून म्हणाली. "आधी भिंतीला पाणी दे."

इवेटनं बादलीत हात बुडवून भिंत भिजवली. मग तिसरा गोळा लावला आणि तो राहिला. लिब्राडानं हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांच्यावरची माती वाळायला लागली होती. हात धुवायला ती उठली नाही, खाली बसून वर बघत राहिली.