मास्तरांचं सुवाच्य अक्षर

सकाळपासून घड्याळबाईंच्या हातून पाच स्क्रू पडले. मोहरीच्या निम्म्यानेही नसतील एवढे बारीक ते. पाचवा शोधायला त्या टेबलाखाली वाकल्या, तो दिसलाही, पण चिमट्यात आला की नाही हे बोटांना कळेचना. काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक सगळं बघत होतं.

"राहू द्या बाई. तुमची तब्येत बरी नाही. मी दुसरीकडे दाखवतो."

तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून कुणी उघडं घड्याळ परत नेलं नव्हतं. बाईंनी ते कागदात बांधून दिलं आणि शटर खाली ओढलं.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. त्यानंतर दर पंधरवड्याला सलाईनमधून औषध, असं बारा वेळा. त्यातलं सहा वेळा झालं होतं. दुसऱ्या खेपेपासूनच फ्रिजमधल्या बाटलीला हात लावला की विजेचा झटका बसायचा, गार पाण्याच्या घोटाने गळा आवळल्यासारखा व्हायचा. मग बोटं बधिर व्हायला लागली. आधी दोन दिवस, मग आठवडाभर, मग सततच. जाड मोजे घालून काम केल्यासारखं.

पहिल्याच दिवशी सिस्टरने एक वही दिली होती. "बारीकसारीक सगळं लिहा हं, बाई. सहन करत बसू नका." बाई रोज चहा झाला की लिहायच्या. तपासणीच्या दिवशी त्या रक्त द्यायला रांगेत बसायच्या आणि फाईल, वही घेऊन आत जायचे त्यांचे यजमान. ते शाळेत गणित शिकवायचे. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"बोटांचं काय म्हणाल्या डॉक्टर?" बाई दर वेळी विचारायच्या.

"चालायचंच म्हणाल्या. औषध लागू पडतंय, त्याचीच खूण आहे ती."

बाई दातओठ खायच्या. चालायचंच! त्या डॉक्टरीणबाईचीच बोटं अशी झाली तर कळेल, असं त्यांना वाटायचं.

सातव्या खेपेला शाळेत परीक्षा निघाली. "मी येतोच तासाभरात. आल्याशिवाय आत जाऊ नकोस," मास्तरांनी बजावलं आणि घाईत फाईल टेबलावरच विसरले. बाईंनी ती काखेत मारली आणि एकट्याच निघाल्या.

सिस्टरने फाईलमधली वही उघडली. "वा! तुमच्यासारखा पेशंट नाही. सहाही वेळा काहीच त्रास नाही."

"काहीच नाही? काय वाचताय तुम्ही?"

सिस्टरने वही त्यांच्यापुढे सरकवली. तशीच वही, पण बाईंची नव्हे. तारीखवार रकाने, पट्टीने आखलेल्या रेघा, आणि प्रत्येक रकान्यात टपोरं शून्य. शेवटी शेरा : 'त्रास नाही.' अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. त्यांच्या लग्नाच्या आमंत्रणांवर पत्ते याच अक्षरात लिहिले होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ब्लाऊजच्या बाहीचं हे बटण लावून दाखवा बरं."

बाई लावत राहिल्या. बटण काजात जाईना. तेवढ्यात मास्तर धापा टाकत दारात आले. टेबलावरची वही बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, ऐक... माझ्या आईने तिच्या कॅन्सरमध्ये असंच तोंड उघडलं होतं, आठवतंय ना? सोसत नाही म्हणाली. डॉक्टरांनी औषध बंद केलं. तीन महिन्यांत गेली. तुझंही बंद करतील म्हणून मी..."

"ती तुझी आई होती! ही माझी बोटं आहेत!"

पंचवीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघू लागली.

"एवढ्याने औषध बंद होत नसतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण दोन औषधं देतोय. त्यातलं एकच नसांवर जातं. तिसऱ्या वेळी कळलं असतं तर त्याचं प्रमाण कमी केलं असतं. आता ते थांबवू. दुसरं चालू राहील."

बाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही? सहा वेळा मी त्या भिंतीपलीकडे रक्त देत बसले होते. एकदाही बोलवावंसं वाटलं नाही? वही तपासलीत, माणूस नाही तपासलंत!"

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "खरं आहे. चूक झाली माझी."

ते ऐकून राग कमी होईल असं बाईंना वाटलं होतं. झाला नाही.

त्या दिवसापासून मास्तर बाहेरच्या बाकावर बसू लागले आणि बाई आत. ते औषध थांबलं, तरी बधिरपणा आणखी दोन महिने वाढतच गेला. तसं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मास्तर न सांगता भाजी चिरू लागले, गरम भांडी उतरवू लागले. बाईंनी ते करू दिलं; बोलणं मात्र कामापुरतंच. 'अहो' काही परत आलं नाही. पुढे अंगठा सुधारला, डावा हात बराचसा ठीक झाला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र बधिरच राहिली. मनगटी घड्याळं त्यांनी घेणं बंद केलं. भिंतीवरची आणि टेबलावरची तेवढी दुरुस्त करायच्या.

बारा खेपा संपल्या. शेवटच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. बाईंनी बाहेर येऊन तसं सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "बघ, झालं ना सगळं नीट?"

"नीट?" बाईंनी उजवा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "मी वाचले ती औषधाने. तुझ्या शून्यांनी नाही. पुन्हा 'नीट' हा शब्द माझ्यासमोर काढू नकोस."

मास्तर बाकावर मान खाली घालून बसून राहिले. बाईंना त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून आणखीच चीड आली. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि चालू लागल्या. दुकान उघडायची वेळ झाली होती.