न पाळलेलं सुतक

इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात कंटाळवाणा धडा कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी हॅनोव्हर घराण्याचं नाव घेईन. चार जॉर्ज, एक विल्यम आणि शेवटी व्हिक्टोरिया. साताऱ्यात मुलींच्या शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला. मुली या धड्याला ‘जॉर्जांची रांग’ म्हणायच्या. मी डोळे वटारायचे, पण मनातून मलाही तसंच वाटायचं.

फक्त एका जागी मला चेव यायचा. राणी ॲनच्या मागे वारस उरणार नाही हे दिसू लागलं, तेव्हा इंग्रजांनी जवळचे पन्नासेक नातेवाईक कॅथलिक म्हणून बाजूला सारले आणि थेट जर्मनीतून, हॅनोव्हरहून, लांबचा माणूस आणून गादीवर बसवला. त्याला धड इंग्रजीसुद्धा बोलता येत नव्हतं. आणि याच घराण्याची व्हिक्टोरिया तिकडे राणी असताना आमच्या साताऱ्याच्या महाराजांनी घेतलेला दत्तक कंपनीनं नामंजूर केला. राज्य खालसा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हे सांगताना माझा आवाज इतका चढायचा की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या.

त्या हॅनोव्हरशी माझं नातं जडेल असं स्वप्नातही नव्हतं. माझी एकुलती एक मुलगी ईप्सिता लग्न करून तिथं गेली. जावई मयुरेश तिथं सॉफ्टवेअर कंपनीत. तिथंच तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि तिथंच ती वारली. तिचा मुलगा क्षितिज तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता.

मयुरेशनं पुढे दुसरं लग्न केलं, पुण्याच्या वैभवीशी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तान्हं पोर काय लॅपटॉपच्या मांडीवर वाढवणार होता? पण पोर वैभवीला मम्मा म्हणायला लागलं, तसे ईप्सिताचे फोटो भिंतीवरून उतरले, आणि त्याला काही सांगायचंच नाही असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. सहा वर्षांनी एकदाचं बोलावणं आलं, तेही मयुरेशच्या फोनसकट.

“काकू, एक रिक्वेस्ट होती. क्षितिजला अजून काही माहीत नाही. योग्य वेळी आम्हीच त्याला नीट सांगू. तुम्ही त्याच्यासाठी साताऱ्याची आजी. ओके?”

काकू! लग्नाच्या दिवसापासून हा माणूस मला आई म्हणत होता. पोराला संशय नको म्हणून माझी काकू झाली होती. नातवाला बघायची भूक इतकी होती, की मी हो म्हटलं.

आपल्याकडे हे लपवणं फार सोपं असतं. पांढऱ्या केसांची बाई दिसली की ती आजीच. त्या घरात पुण्याची आजी होती, ठाण्याची आजी होती. साताऱ्याची तिसरी खपून गेली. पोरानं कधी विचारलं नाही की ही नेमकी कुणाची आई.

जाताना मी बॅगेत एक वस्तू नेली. आमच्याकडे पहिली बायको गेली की तिचा चांदीचा टाक करतात. टाक म्हणजे नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचा मुखवटा ठोकलेला. दुसरी बायको तो गळ्यात घालते. आधी या घरात कुणी नांदून गेलंय, तिचा मान राहावा म्हणून. मी साताऱ्याच्या सोनाराकडून ईप्सिताचा टाक करून घेतला होता. तो काही तिच्यासारखा दिसत नव्हता. सोनाराचा ठसा एकच असतो. दोन डोळे, नाक, कुंकू, पदर. पण तो माझ्या लेकीचा होता आणि तिच्या घरात तिला जागा मिळावी एवढंच मला हवं होतं.

क्षितिजला पाहिलं आणि मी बॅग दारातच टाकली. नाक ईप्सिताचं. चिडला की खालचा ओठ दाताखाली धरायचा, तीही खोड तिचीच. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी ती भाषा शिकायला तयार नव्हते. डॉक्टरांनी माझ्या लेकीला शेवटचं जे काही सांगितलं, ते त्या भाषेत. ‘डांके’ म्हणजे आभार, एवढं ऐकून ऐकून पाठ झालं होतं, पण तेही मी तोंडातून काढत नव्हते. दुकानात नुसती मान हलवायचे.

वैभवी वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती माझ्यासाठी भाकरीचं पीठ शोधून आणायची. क्षितिज झोपेत खोकला की खिडकी लावायला उठायची. मला बोलावण्यासाठीही तिनंच मयुरेशच्या मागे धोशा लावला होता, हे मला नंतर कळलं. अशा बाईचा राग तरी कसा करायचा?

त्याच आठवड्यात क्षितिजला शाळेत रेफेराट द्यायचा होता, म्हणजे वर्गापुढे छोटं भाषण. विषय काय, तर हॅनोव्हरचा राजा इंग्लंडचा राजा कसा झाला! माझ्या अंगात शाळा संचारली.

“तर हॅनोव्हर घराणं–”

“हानोफर,” क्षितिजनं मला सुधारलं.

“बरं, हानोफर. राजा जॉर्जची आई सोफिया. खरं तर गादी तिलाच मिळायची. पण राणी ॲनच्या आधी जेमतेम दोन महिने ती इथल्याच हेरेनहाउझेनच्या बागेत फिरता फिरता गेली. ताट वाढलं आणि जेवणारी उठून गेली. मग मुलगा जॉर्ज लंडनला गेला आणि त्याच्या घराण्यानं तिथं पावणेदोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं.”

तो जमिनीवर पालथा पडून ऐकत होता. मग त्यानं जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

“मग राजाची राणी कुठाय, म्हणतोय,” वैभवी म्हणाली.

जन्मभर मी तो धडा शिकवला, पण आमच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या जॉर्जची बायको नव्हतीच. वैभवीनं फोनवर शोधलं. “तिचं चित्र त्सेलेला आहे, काकू. जवळच आहे. रविवारी जाऊ या?”

त्सेलेच्या संग्रहालयात ते चित्र होतं. तरुण बाई, शेजारी मुलगा आणि छोटी मुलगी. सोफिया डोरोथिया तिचं नाव, सासूशी अर्धं जुळणारं. वैभवी फोनवरची माहिती वाचत होती आणि मी ती क्षितिजला माझ्या पद्धतीनं सांगत होते. नवऱ्यानं स्वतः बाहेर बायका ठेवल्या. हिचं एका सरदारावर मन बसलं, तर तो सरदार गायब झाला आणि हिला घटस्फोट देऊन आल्डेनच्या वाड्यात डांबलं. पुढची तीसेक वर्षं, मरेपर्यंत. नवरा इंग्लंडचा राजा झाला, मुलगा युवराज झाला, मुलगी प्रशियाची राणी झाली, आणि ही तिथंच. तिला मुलं परत कधी दिसली नाहीत. दरबारात तिचं नाव काढायचं नाही असा दंडक. ती मेली तेव्हा सुतक पाळायलाही राजानं बंदी केली.

क्षितिज चित्रातल्या मुलाकडे बघत होता. हा पुढे दुसरा जॉर्ज झाला. बाप मेल्यावर त्यानं आईची लपवून ठेवलेली चित्रं बाहेर काढून भिंतीवर लावली, असं सांगतात.

“उंड डी किंडर?” त्यानं विचारलं, आणि पुढे बरंच काही.

वैभवीनं फोन खाली घेतला. “मुलांनी कधी विचारलं नाही का, म्हणतोय. आई कुठे आहे म्हणून.”

“विचारायची बंदी होती, बाळा,” मी म्हटलं.

तो पुन्हा काहीतरी बोलला.

“काय म्हणाला?”

“म्हणतोय,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मम्माला असं कुणी कोंडलं तर मी पोहत जाईन. पोहण्याचा ब्रॉन्झचा बिल्ला मिळालाय ना त्याला.”

आणि त्यानं वैभवीचं बोट धरलं. जिभेवर आलेलं मी कसं गिळलं ते माझं मला माहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तुझी आई चांदीची होऊन माझ्या पर्समध्ये बसलीय रे, असं मला त्या दालनात ओरडून सांगायचं होतं.

घरी आल्यावर क्षितिज खालच्या मित्राकडे खेळायला गेला. मी डबी काढली आणि टाक वैभवीपुढे धरला. मयुरेशनं तो ओळखला.

“हे बघा, काकू, प्लीज. हे नको. तो विचारेल.”

“विचारू दे.”

“मग मी काय सांगू?”

“तिचं नाव सांगा.”

तो उठून स्वयंपाकघराकडे निघाला. मग मात्र माझा तोल गेला. “थांबा, मयुरेशराव! त्या राजाचा बायकोवर राग होता, म्हणून त्यानं तिचं नाव पुसलं. माझ्या लेकीनं तुमचं काय वाकडं केलं होतं? तिच्यावर कसला राग आहे तुमचा?”

तो दारातच थांबला. वळला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“राग? आई, मला तिचं नाव उच्चारता येत नाही. मी ट्राय करतो. गाडीत एकटा असतो तेव्हा करतो. नाही होत. क्षितिजला सांगायचं म्हणजे मला ते अख्खं वाक्य बोलावं लागेल ना? तुझी आई अमुक होती आणि ती गेली. ते नाही बोलता येत मला, आई.”

आणि तो मोठा माणूस चौकटीला डोकं टेकून हुंदके देऊन रडला. त्यानं मला आई म्हटलं होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नसेल. माझा राग ओसरला आणि मला हलकं वाटायच्या ऐवजी फार पोरकं वाटलं. इतकी वर्षं त्या रागाला धरूनच मी उभी होते. राजानं रागापायी नाव पुसलं, यानं दुःखापायी; पोराच्या पदरात पडलं ते दोन्हीकडे सारखंच.

वैभवीनं माझ्या हातातून टाक घेतला. “माझ्या मोठ्या मावशीच्या गळ्यात होता असा. मला कुणी दिलाच नाही. मला वाटायचं, तुम्हाला मी पसंत नसेन.” तिनं गळ्यातली साखळी काढली, टाक ओवला आणि परत घातली.

“पण सांगायचं अजून नको,” मयुरेश डोळे पुसत म्हणाला. “थोडा वेळ द्या मला. प्लीज.”

मी काय करणार? शब्द दिला.

निघायच्या दिवशी सगळे स्टेशनवर आले. मयुरेश मला फ्रँकफुर्टच्या विमानापर्यंत सोडायला येणार होता. गाडीला उशीर होता आणि फलाटावर बोचरा वारा सुटला होता. वैभवी क्षितिजच्या जाकिटाची चेन लावायला वाकली, तशी तिची साखळी बाहेर लोंबली. त्यानं टाक चिमटीत धरला.

“मम्मा, वेर इस्ट दास?” ही कोण?

मयुरेश रुळांकडे बघू लागला. वैभवीनं माझ्याकडे पाहिलं. मी दिलेला शब्द तिलाही ठाऊक होता. ती हळूच मराठीत म्हणाली, “ही आजीची मुलगी.”

क्षितिज माझ्याकडे वळला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मराठीत, एकेक शब्द शोधून बोलला. “आजी, तुला मुलगी आहे?”

“होती रे.”

“मेली?”

त्याला तेवढाच शब्द येत असणार. “हो,” मी म्हटलं.

“नाव काय?”

मी कितीदा त्या नावानं एकटीच हाका मारल्या होत्या, आणि आता तेच येईना. तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला, फाटका, ओळखू न येणारा.

“ईप्सिता,” मयुरेश म्हणाला.

“ईप्सिता,” क्षितिज म्हणाला. नीट, जोडाक्षरासकट, धडा पाठ करावा तसा. मग त्यानं टाक सोडला, माझ्याजवळ आला आणि माझ्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. त्याचं तोंड माझ्या कोटात होतं.

“टूट मिर लाइड, ओमा.”

“तो म्हणतोय...” वैभवीनं सुरुवात केली, पण मी मान हलवून तिला थांबवलं.

ओमा म्हणजे आजी; बाकीचं मला सांगायची गरज नव्हती. माझी मुलगी गेली म्हणून त्याला वाईट वाटत होतं. तो माझं सांत्वन करत होता. त्याच्या आईचं सुतक त्या घरात पहिल्यांदा कुणी पाळलं असेल तर त्यानंच, फलाटावर, आणि ते आपल्याच आईचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. गाडी आली. मयुरेशनं माझी बॅग उचलली, पण मिठी सुटेना. त्याची की माझी, मला कळलं नाही. मी त्या डोक्यावरून हात फिरवला. केसही तिचेच, दाट आणि राठ.

“डांके,” मी म्हटलं. “डांके, बाळा.”