शेळी कोणी सोडली?

तिसरीची वाचनचाचणी घ्यायला आलेल्या तरुण परीक्षक बाईंनी माझ्याच टेबलावर घड्याळ मांडले आणि मुलांना एकेक करून पुढे बोलावले. जो एका मिनिटात उतारा संपवील व खालच्या प्रश्नांची उत्तरे देईल, त्याला वाचलेले समजते, असा नियम होता. मी वर्गशिक्षक असल्यामुळे मला मागच्या बाकावर तोंड मिटून बसण्याची मुभा देण्यात आली होती.

उतारा असा होता: म्हाताऱ्याने शेळी खुंट्याला पक्की बांधली आणि तो पाणी आणायला गेला. थोड्याच वेळात शेळी शेजाऱ्याच्या बागेत शिरली आणि तिने सगळी फुले खाल्ली. मग शेजाऱ्याचा संताप, म्हाताऱ्याची क्षमायाचना, समाप्त. मुले घडाघडा वाचत होती. "शेळीने काय खाल्लं?" "फुलं." "शाब्बास, पुढचा."

मग भिंगरी आली. घरचे हे नाव तिच्या पायांवरून पडलेले. वाचताना मात्र ती एकेका शब्दाशी ओळख करून घेतल्याखेरीज पुढे सरकत नसे. 'बागेत शिरली' येथे तिचे बोट थांबले, मागे पहिल्या ओळीवर गेले, परत आले.

"पुढे वाच, बाळ."

"पण ती तर पक्की बांधलेली होती ना?"

"वाच पुढे. वेळ जातोय."

"मग सोडली कोणी?"

घड्याळ वाजले. भिंगरीच्या नावापुढे शेरा पडला: आकलन नाही. अशा मुलांची रवानगी सोमवारपासून जिन्याखालच्या सुधारवर्गात व्हायची होती. तेथे मुळाक्षरांचे तक्ते घोकवून घेत आणि ग्रंथालयाचा तास बंद करीत. आणि ही मुलगी तर आठवडाभर त्याच एका तासाकडे डोळे लावून बसणारी.

मी वर्गाच्या कपाटातून मूळ गोष्टीचे पुस्तक काढले आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. मूळ गोष्टीत म्हाताऱ्याला एक नात आहे. कुंपणापलीकडे चुकलेल्या करडासाठी शेळी ओरडते, ते नातीला ऐकवत नाही आणि ती हळूच गाठ सोडते. सारी गोष्ट त्या गाठीची आहे. ती मिनिटात बसावी म्हणून कात्री चालवणाऱ्यांनी नेमकी नातच कापली होती.

"सर, तुम्ही शेळीचा हत्ती करताय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड," कोपऱ्यात चहा पीत बसलेले चित्रकलेचे मास्तर पुटपुटले.

"बाई, आपण स्वतः एकदा उतारा वाचा," मी म्हणालो.

त्यांनी एका दमात वाचला. "यात अडण्यासारखं काय आहे?"

"आपल्याला काहीच अडलं नाही, बाई. तिला अडलं. आणि समजलं नाही असा शेरा तिच्यावर!"

मोठ्या बाई लाल झाल्या. तेथेच शेरे उतरवत बसलेल्या परीक्षक बाईंनी मात्र कागद ओढून घेतला, त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "सर, माझ्याकडे 'थांबली' असा रकाना आहे. 'का थांबली' असा नाही. फार तर शुक्रवारी पुन्हा चाचणी घेते. उतारा हाच राहील. तो बदलायचा अधिकार मला नाही."

संध्याकाळी फाटकाशी भिंगरीची आई उभी होती. शिवणाच्या दुकानातून तशीच धावत आलेली, गळ्यात मापाची फीत.

"सर, खरं सांगा. माझी पोर मठ्ठ आहे का हो?"

"अजिबात नाही. वर्गात ती गोष्ट खऱ्या अर्थाने वाचली ती तिनेच."

"मग नापास कशी झाली?"

ज्या व्यवस्थेचे मीठ मी खात होतो, तिच्या वतीने मी घड्याळाचा नियम समजावू लागलो. माउलीने मला अर्ध्यावरच थांबवले. "राहू द्या. शुक्रवारपर्यंत मी बघते," ती म्हणाली.

शुक्रवारी भिंगरीने बोट ओळीवर ठेवलेच नाही. पाठीमागे कोणी लागल्यासारखी ती धावली आणि मिनिट सरायच्या आत उतारा संपला. "शेळीने काय खाल्लं?" "फुलं." परीक्षक बाईंनी बरोबरची खूण केली आणि सुटकेने माझ्याकडे पाहिले. दारात उभ्या आईने पदराने डोळे टिपले. सुधारवर्ग टळला. मीही हसलो, कारण एवढ्यासाठीच तर भांडलो होतो.

त्याच दिवशी ग्रंथालयाच्या तासाला मी ते मूळ पुस्तक तिच्यापुढे ठेवले. "घे. शेळी कोणी सोडली, ते यात आहे."

"सर, ते विचारायचं नसतं," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "आई म्हणते, तोंड चालू ठेवायचं. मध्ये काही डोक्यात आलं तर गिळून टाकायचं."

"इथे घड्याळ नाही गं. सावकाश वाच."

तिने मान डोलावली आणि वाचू लागली, घडाघडा, एकही शब्द न चुकता. शेळी ओरडली. नात अंगणात आली, वाकली, तिने गाठ सोडली. भिंगरीने पान उलटले आणि ती पुढे वाचत गेली.