चार बोटांचा काठ

कानडी मुलखातल्या जयनगरच्या त्या घरात दुपारी आर्या झोपली की कस्तुरी मागाशी बसायची. माग कसला, काठ विणण्यापुरती हातभर लाकडी चौकट. सासूबाईंची. गेल्या दसऱ्याला त्या वारल्या, तेव्हापासून झाकून ठेवलेली, आता तिनं पुन्हा उघडलेली.

चार वर्षांच्या आर्याला शाळेच्या नाटकात जुन्या काळची राजकन्या व्हायचं होतं. न्यूमोनियातून नुकती उठलेली पोर, गारठ्यात कुडकुडायला नको म्हणून लोकरीचा अंगरखा, आणि त्याच्या घेराला मागावर विणलेला काठ. कस्तुरीनं कापड बेतलं, कात्री खाली ठेवली आणि कडा चाचपल्या. आत दुमडायला काही ठेवलंच नव्हतं! सासूबाई, सुनंदाबाई, कितीदा सांगायच्या, "लेकराच्या कपड्यात चार बोटं जास्त ठेव गं. अंगाबरोबर बेतलंस तर पोर तिथंच थांबते." पिढ्यान्‌पिढ्या शिंप्यांचं घर. ही चूक इथं कुणी केली नव्हती.

त्याच संध्याकाळी आर्याचा ताप उलटला.

दुसऱ्या दुपारी मागावरचं झाकण उचललं, तर काठ वीतभर वाढलेला.

"तुम्ही हात लावलात का हो मागाला?" तिनं नवऱ्याला फोन केला.

"मी?" सुधींद्र हसला. "मला शर्टाचं बटण लावता येत नाही, अन् काठ विणतोय!"

काठ रोज वाढत होता. तिनं ताणा, म्हणजे उभे धागे, घातला होता दोन बोटं रुंदीचा, आता भरत होता चार. नव्या विणीतली वेलबुट्टी डावीकडं झुकलेली. घरात डावखुऱ्या एकट्या सासूबाईच.

म्हातारी नातीला न्यायला तर आली नाही? चौथ्या दुपारी कस्तुरीनं कात्री उचलली.

"आई, कापू नको." आर्या दारात उभी. "आज्जीचं स्वल्प राहिलंय, थोडंसंच."

कस्तुरीनं तिला जवळ ओढलं. कपाळ गार होतं. कितीतरी दिवसांनी गार.

"काय राहिलंय गं?"

"माझं माप." आर्या स्टुलावर चढली आणि आईच्या डोक्याच्याही वर हात नेला. "मी एवढी होणार." मग आईच्या खांद्यावरून मागं बघून म्हणाली, "सरी ना, आज्जी? बरोबर ना?"

पाठीमागं मागाची फणी एकदा ठोकली गेली.

कस्तुरीनं मान वळवली नाही. कात्री हळूच खाली ठेवली.

"पुरा होऊ द्या, आत्याबाई," ती सासूबाईंना म्हणाली. "घेराला लावते. चारही बोटं आत दुमडून, ती वाढली की उसवायला."

फणी पुन्हा वाजू लागली.